मदत हवी आहे : केमोच्या दोन फेऱ्यांमध्ये बाळाला रात्री ताप आल्यास बेळगावात कुठे जावे?

माझ्या अडीच वर्षांच्या भाचीच्या दोन्ही डोळ्यांत रेटिनोब्लास्टोमा (डोळ्याच्या आतल्या पडद्याचा कर्करोग) आहे. बेंगळुरूला व्हिन्क्रिस्टीन, इटोपोसाइड आणि कार्बोप्लॅटिन या औषधांच्या केमोच्या 6 फेऱ्या ठरल्या असून 2 पार पडल्या आहेत. उपचार तिथेच चालू राहणार आहेत, त्यामुळे डॉक्टर बदलण्याचा किंवा घरगुती औषधांचा सल्ला नको आहे.

अडचण घरी परतल्यावरची आहे. आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. दुसऱ्या फेरीनंतर दहाव्या दिवशी रात्री दोन वाजता थर्मामीटरवर 101 दिसले. 100.4च्या वर ताप गेल्यास रक्ततपासणी करून शिरेतून अँटिबायोटिक तातडीने सुरू करावे, असे फाईलवर लाल शाईने लिहिलेले आहे. ती फाईल दाखवूनही जवळच्या दवाखान्यात पॅरासिटामॉलचे सिरप देऊन आम्हाला परत पाठवले. सकाळी बेळगावात तपासले तेव्हा न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 500च्याही खाली होते, आणि ते वाया गेलेले तास अजून मनातून जात नाहीत.

तिला छातीत केमो-पोर्ट (शिरेत औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेले छोटे उपकरण) बसवलेला आहे, कारण हाताची शीर सापडत नाही. आमच्याकडे बीपीएल रेशनकार्ड आहे. बेंगळुरूहून फोनवर सूचना मिळतात, पण इथले कोणते रुग्णालय गाठावे, हे तिथले डॉक्टर सुचवू शकले नाहीत.

तिसरी फेरी पुढच्या आठवड्यात आहे. बेळगाव शहरात रात्रीही बालरोगतज्ज्ञ हजर असणारे, पोर्ट हाताळता येणाऱ्या परिचारिका असलेले आणि आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत दाखल करून घेणारे रुग्णालय कोणी स्वतः अनुभवले आहे का?