स्वतःसाठी एवढंसं काही घेतलं तरी लपवावंसं का वाटतं?

वेंगुर्ल्याची_सून
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबलंय. मी वेंगुर्ल्याजवळच्या गावात असते. मोठी मुलगी साडेचार वर्षांची, धाकटा आठ महिन्यांचा, अजून अंगावर पितो. मिस्टर गोव्यात कामाला, शनिवारी येतात. घरी सासू-सासरे आहेत आणि दोघंही चांगले आहेत हे आधीच सांगते, म्हणजे उगाच कुणी त्यांना बोलायला नको.

तर दर बुधवारी मी एसटीने बाजारात जाते, सासऱ्यांची औषधं, मासळी, बाळाचं सामान वगैरे. मागच्या बुधवारी बाजारात सुरंगीची फुलं दिसली. चाळीस रुपयांना वळेसर, म्हणजे गजरा. दोन मिनिटं नुसती उभी राहिले, मग घेतला आणि तिथेच केसात माळला. बाळाला पाजून निघाले होते त्यामुळे अजून वेळ होता, म्हणून बंदरावर जाऊन बसले, वीस मिनिटं असतील, ओले काजूगर सोलून देणारी एक बाई बसली होती तिच्याकडून थोडे घेतले आणि उसळीसाठी न ठेवता तसेच कच्चे खाल्ले, कुणालाही न देता. इतकं बरं वाटलं की काय सांगू.

पण घराच्या पायऱ्यांजवळ आल्यावर मी वळेसर काढून पिशवीत टाकला. का ते मलाच कळलं नाही. कुणी ओरडणार नव्हतं. रात्री खोलीभर वास, मुलगी म्हणते आई तुझ्या पिशवीत झाड आहे का? तेव्हा मला रडू आलं.

तुम्ही असं काही करता का? घरात उघड सांगता की माझ्यासारखंच?

मालवणकरीण
अगं मला तुझं वाचून माझी तुकडी आठवली. आमच्याकडे सुरमई आली की मधल्या तुकड्या पुरुषांना आणि पोरांना, आणि मी शेवटी बसणार तेव्हा शेपटी नाहीतर डोकं. डोकं मला आवडतं असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं, लग्नानंतर तीन वर्षं! दुसरं बाळ झालं तेव्हा एवढी भूक लागायची की एक दिवस तळतानाच एक मधली तुकडी वेगळ्या ताटलीत काढली, वर झाकण ठेवलं आणि नवऱ्याने विचारल्यावर सांगितलं, ही माझी. तो म्हणाला बरं. एवढंच. तीन वर्षं मी ज्या वाक्याला घाबरत होते ते एका सेकंदात संपलं. आता रोज काढते. पाजणाऱ्या बाईने पोटभर आणि नीट खायलाच हवं, ते चैनीत मोजूच नकोस.

आणि काजूगर कच्चे खाल्लेस ते फार बरं केलंस, वर्षातून दीड-दोन महिने मिळतात.

आसोलीची_आजी
गो बाय, सुरंगीचो वास काय पिशयेत रवता काय? तुझ्या सासूक तू बेड्यातसून आत इलंस तेव्हाच कळला असतला!

माझं माहेर आसोली, आमच्याकडे सुरंगीची झाडं पुष्कळ. पहाटे उजाडायच्या आधी माणसं झाडावर चढायची कारण कळी उमलायच्या आत खुडावी लागते, ऊन लागलं की फुलते आणि मग वळेसराला उपयोग नाही. कळ्या अगदी फांदीला चिकटून येतात त्यामुळे काढायलाही जिकिरीचं काम. आम्ही पोरी खाली बसून ओवायचो. वाळवलेल्या कळ्या व्यापारी घेऊन जायचे अत्तरासाठी. एवढ्या कष्टाचं फूल, ते लपवून ठेवू नये. पुढच्या खेपेला दोन वळेसर आण, एक सासूला दे. तिनेही कधीतरी लपवला असेल.

रत्नागिरी_वाचक
आजी, तुमचं सुरंगीचं वाचून छान वाटलं, पण दोन वळेसर आणायचं मला पटत नाही, राग मानू नका. प्रेमाने आणला तर प्रश्नच नाही. पण बायकांचं असं होतं की सगळ्यांसाठी काहीतरी आणलं तरच स्वतःसाठी घ्यायचं, आणि मग ते परत एक कामच होऊन बसतं. तिने एक घ्यावा, माळावा आणि माळूनच घरात यावं.

मी काय केलं ते सांगते. आमच्या रत्नागिरीत जिल्हा नगर वाचनालय आहे, १८२८ सालचं, लग्नाआधी मी तिथली सभासद होते. बाळ दहा महिन्यांचं असताना घरी सांगितलं, शनिवारी चार ते सहा मी वाचनालयात. वेळ नेमकी सांगितली हे महत्त्वाचं, कारण नुसतं "जरा जाऊन येते" म्हटलं की लोकांना काळजी वाटते आणि आपल्यालाही घाई. साडेतीनला पाजायचं, नाचणीचं सत्त्व शिजवून ठेवायचं आणि निघायचं. पहिले दोन शनिवार बाळ रडलं, नवऱ्याचे फोन आले, मी धावत परत गेले. तिसऱ्यापासून त्याला त्याची पद्धत सापडली. पुस्तक कधी कधी उघडतही नाही मी, तिथल्या शांततेत नुसती बसते.

पैशाचं म्हणशील तर मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. उरलेल्या अर्ध्यातून वळेसर येतोच चार खेपांत.

वेंगुर्ल्याची_सून
सगळ्यांना मनापासून थँक्यू. आजी, तुमचं पहिलं वाक्य मी मुलीला वाचून दाखवलं.

काल बुधवार होता. एकच वळेसर घेतला आणि माळूनच आले. सासूबाई ओटीवर बसल्या होत्या, बघून म्हणाल्या, गेल्या वेळी काढलास कशाला? म्हणजे माहीत होतं त्यांना. मग मी सगळं सांगितलं, बंदराचं पण. त्या म्हणाल्या, बुधवारी पेज मी भरवेन, तू सावकाश ये, फक्त पाचच्या आत ये कारण मला भजनाला जायचं असतं. इतकी वर्षं त्यांचं बुधवारचं भजन मी नुसतं भजन समजत होते.

रात्री अर्धा वळेसर त्यांनीच मागून घेतला, देवाला नाही, स्वतःच्या अंबाड्यात.

आता सुरंगीचे थोडेच दिवस राहिलेत. आजी, कळ्या आणून घरी ओवायच्या तर दोरा साधा चालतो की केळीचं सोपट लागतं? मुलीला शिकायचंय, मला पण येत नाही.