नांदवतही नाही, सोडतही नाही. एकतर्फी घटस्फोट मिळतो का?

नावनको

लग्न २०१८ चं. नवरा डोंबिवलीला, मी ऑगस्ट २०२२ पासून माहेरी कोल्हापुरात. सगळं लिहीत बसत नाही. दारू होती, हात उचलणं होतं, आणि शेवटच्या रात्री माझी बॅग जिन्यात ठेवून त्याने दार लावून घेतलं. तेव्हापासून एक फोन नाही. मामा दोनदा जाऊन आले, संमतीने सही दे म्हणून. त्याचं उत्तर, "नांदवणार नाही आणि सोडणारही नाही. बस म्हणावं तशीच."

भाऊ म्हणतो, त्याच्या जुन्या खोलीचा पत्ता टाक, समन्स परत येईल, तो येणारच नाही, एकतर्फी निकाल हातात. काका म्हणतात, स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी करून नोटरी करू. मूल नाही. पोटगीही नको, फक्त सुटका हवी. केस डोंबिवलीकडेच घालावी लागेल का?

आप्पा_सांगलीकर

आमच्या नात्यात दोघांनी सोडचिठ्ठीवर दुसरी लग्नं केली. कोणी काही विचारत नाही.

डबलबेल

आप्पा, विचारत नाहीत ते विचारायची वेळ येईपर्यंत. माझ्या मावसबहिणीला नवरा गेल्यावर पेन्शनच्या टेबलावर विचारलं. पहिल्या बायकोच्या घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूमनामा कुठाय? घरात होती ती नोटरीची सोडचिठ्ठी. बसली रडत.

नावनको, मी एसटीत वाहक आहे, तालुक्याच्या कोर्टात माझी केस दोन वर्षं चालली आणि नवरा एकाही तारखेला आला नाही. आधी तुमच्या भावाला सांगा, खोटा पत्ता अजिबात नको. एकतर्फी निकाल उभा असतो तो समन्सच्या पायावर. "मला समन्स मिळालंच नाही" असं उद्या त्याने दाखवून दिलं, तर अख्खा निकाल रद्द होऊन केस परत पहिल्या पानावर येते. त्यासाठीची तीस दिवसांची मुदतही अशा वेळी त्याला निकाल कळल्यापासून मोजतात. मध्ये तुम्ही दुसरं लग्न केलेलं असलं तर काय, ते भावालाच विचारा.

माझा नवरा तेव्हा हडपसरला. समन्स तिकडच्या कोर्टाकडे गेलं, तिथला बेलिफ दोनदा जाऊन आला. एकदा कुलूप, एकदा सासूबाई म्हणाल्या, "तो इथे राहत नाही." रजिस्टर पोस्टाचं पाकीट मात्र आठ दिवसांत परत आलं. वर लाल शाईत पोस्टमनचा शेरा, "घेण्यास नकार". मला वाटलं, झालं, वाया गेलं. वकीलबाई हसल्या. म्हणाल्या, हेच तर पाहिजे होतं. योग्य पत्त्यावर आलेलं पाकीट नाकारलं, तर बजावणी झाली असं कोर्ट धरू शकतं. ते पाकीट परत आलं तर फोडू नका, बंदच्या बंद वकिलाकडे द्या.

आमच्या न्यायाधीश साहेबांनी तरी खात्रीसाठी पेपरात जाहीर समन्स द्यायला लावलं, त्याच्या भागात खपणाऱ्या पेपरात. पैसे माझे गेले. पण ज्या दिवशी छापून आलं त्याच दिवशी, साडेतीन वर्षांनी, त्याचा पहिला फोन. "पेपरात नाव कशाला दिलंस?" मी गाडीत होते, पंचावन्न माणसं आणि हातात तिकीट मशीन. तारीख तेवढी सांगितली आणि ठेवला. हा फोन शपथपत्रातसुद्धा लिहिला.

तरी आला नाही. मग एकतर्फीचा आदेश झाला. पण त्याचा अर्थ निकाल लागला असा नाही, हे कोणी सांगत नाही. समोर कोणी नसलं तरी सिद्ध करावं लागतंच. मला साहेबांनी एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला: घर तुम्ही सोडलंत की त्यांनी काढलं? तुमची जिन्यातली बॅग तिथे कामाला येईल. ती कोणी बघितली होती का, आठवा.

काळाकोट

डबलबेल यांनी बहुतेक सगळं बरोबर सांगितलं आहे, थोडी भर घालतो. डोंबिवलीला जायची गरज नाही. हिंदू विवाह कायद्यात २००३ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून पत्नी ती राहते तिथल्या कोर्टात अर्ज करू शकते, म्हणजे तुमच्यासाठी कोल्हापूरचं कौटुंबिक न्यायालय. त्याग, म्हणजे जोडीदाराला टाकून देणं, हे कारण अर्जाआधी सलग दोन वर्षं झाली की घेता येतं, तुमची झाली आहेत. क्रूरता सोबत लावा, त्याला दोन वर्षांची अट नाही. "संसार संपलाच आहे" एवढंच कारण चालत नाही, त्यावर घटस्फोट देण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम १४२ खाली फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही. पोटगी नको हे रागाच्या भरात लिहून देऊ नका. आणि निकालानंतर अपिलाचे ९० दिवस जाऊ द्या, हॉल बुक करायची घाई नको.

आप्पा, काही समाजांत रूढीने काडीमोड चालतो आणि कायदा तो मानतो, पण ती रूढी कोर्टात पुराव्याने सिद्ध करावी लागते. नोटरीच्या शिक्क्याने होत नाही.

नावनको

भावाला मोठ्याने वाचून दाखवलं. पेन्शनचं ऐकून गप्प झाला. आत्ताचा पत्ता मामांकडे आहे, तोच देते.

बॅग समोरच्या काकूंनी बघितली होती. त्या रात्री त्यांच्याचकडे झोपले मी. आज फोन केला तर म्हणाल्या, येते साक्षीला, तेवढंच अंबाबाईचं दर्शनही होईल.

डबलबेल

मग तर झालंच. फक्त त्यांची तारीख नवरात्रात पडली तर वकिलांना पुढची मागायला सांगा. त्या दिवसांत कोल्हापूरच्या गाडीत उभं राहायला जागा नसते, हे मी कामावरून सांगते.