शब्दच काढले तर ॲलिसमध्ये उरतं काय?

फणसपोळी:
१९०३ चा 'ॲलिस इन वंडरलँड' पाहिला. सेसिल हेपवर्थ आणि पर्सी स्टो यांचा इंग्लिश मूकपट; मूळचा १२ मिनिटांचा, आज ९ च्या आसपास शिल्लक. ज्या पुस्तकाची अख्खी गंमत शब्दांच्या कोलांटउड्यांत, ते मुकं करून दाखवायचं? चेशायरचं ते हसरं मांजर इथे झुडपात बसलंय, हेपवर्थांच्या घरचंच. हसणं सोडाच, 'मला इथे कुणी बसवलं?' असा चेहरा. मुलांच्या गाजलेल्या कादंबऱ्यांवर मूकपट काढणं म्हणजे फणसाचे गरे टाकून सालं वाढणं.

रिकामटेकडा_०७:
आणि पत्त्यांच्या वेशातली पोरं रांगेने येतात ते? मूळ पुस्तकातली टेनिएलने काढलेली चित्रं समोर ठेवून दृश्यं बेतलीत. पुस्तक पाठ असलेल्यांना ती चित्रं हलताना बघायची होती, बास.

फणसपोळी:
म्हणजे हलणारं चित्रांचं पुस्तक. तेच तर म्हणतोय!

माजघरातून:
१९२४ चा 'पीटर पॅन' बघा. टिंकर बेल ही परी मरायला टेकते आणि पीटर झालेली बेटी ब्रॉन्सन थेट आपल्याकडे तोंड करून टाळ्या मागते. आवाज नाही काही नाही, तरी माझ्या सहा वर्षांच्या नातीने लॅपटॉपपुढे टाळ्या पिटल्या. इतक्या, की शेवटी मीच म्हटलं, अगं पुरे, जगली ती.

फणसपोळी:
काकू, त्या टाळ्या रंगमंचावरून आल्यात. 'पीटर पॅन' आधी नाटक, १९०४ चं. कादंबरी १९११ ची. मूळ लेखक बॅरीने लिहून दिलेली पटकथा स्टुडिओने बाजूला ठेवली, आणि वर शेवटी जहाजावर अमेरिकेचा झेंडा!

खडीसाखर:
मला वय खटकतं. १९२१ च्या 'लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय'मध्ये मेरी पिकफर्ड २९ वर्षांची. पोरगाही तीच, त्याची आईही तीच. पोराने आईचा पापा घ्यायचा, एवढ्या काही सेकंदांसाठी १५ तास खपले म्हणे. कसरत थोरच. पण मूल कुठाय? फाळक्यांनी १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्ण म्हणून आपली लेक मंदाकिनीच उभी केली होती.

रिकामटेकडा_०७:
तीही मुलगी असून मुलगाच झाली की!

खडीसाखर:
पण लहान मुलगी. फरक आहे हो.

माजघरातून:
नातीला आत्ता ॲलिस लावून दिली. मांजर आल्यावर म्हणाली, "आजी, हा आपल्या जिन्यातला बोका!" आता तेवढंच मागे नेऊन नेऊन बघतेय. चौथी वेळ.