आल्प्समध्ये घर घेताना : दरीत की वर? (पासी, फ्रान्स)

ओलीमाती :
नवऱ्याला फ्रान्समधल्या क्लूज गावात यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी मिळाली आहे, ऑक्टोबरात जायचंय. दोन घरं बघून ठेवलीत, दोन्ही पासी कम्यूनमध्येच (कम्यून म्हणजे तिकडची नगरपालिकेची हद्द). एक खाली शेदला, दुसरं वर प्लातो दासीला. खालचं स्वस्त आहे आणि स्टेशनही जवळ. मुलाला दमा आहे. सगळे म्हणतात, "आल्प्समध्ये चाललात, आता दमा विसरा!" पण नेटवर तिथली आर्व नदीची दरी शोधली की प्रदूषणाच्याच बातम्या. समोर माँ ब्लाँचा बर्फ आणि हवा खराब, हे कसं काय? कुणी राहतं का तिकडे?

पासीकर :
राहतो. वरचं घर घ्या. आता कारण सांगतो.

दरीचा तळ साधारण ६०० मीटरवर, प्लातो दासी १००० च्या आसपास. कम्यून एकच, महापौर एकच, पण जानेवारीत हवा दोन. थंडीत सूर्य डोंगराआडून उशिरा येतो, लवकर जातो; खाली बर्फ पडलेला असला की आलेलं ऊनही परतून जातं. रात्री उतारांवरची गार, जड हवा तळाशी येऊन साचते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. एरवी किलोमीटरभर वर चढलं की तापमान साडेसहा अंशांनी उतरतं. या दिवसांत उलटं! शेदहून गाडी काढताना डॅशबोर्डवर उणे सहा, काच खरवडून निघायचं; वळणं चढत गेलं की आकडाही चढत जातो आणि कुठल्यातरी वळणावर एकदम लख्ख ऊन. मागे बघितलं की खाली करडा थर, त्याची वरची कड इतकी सरळ की कुणाचं घर धुरात आहे आणि कुणाचं बाहेर, ते बोटाने दाखवता येतं. थराच्या आतल्या चिमण्यांचा धूर जेमतेम वर उठतो, अडतो आणि आडवा पसरतो.

वारा पडला की हे दिवसेंदिवस चालतं. डिसेंबर २०१६ मध्ये तर लोक अक्षरशः वैतागले होते.

आणि ही उंची जुन्या डॉक्टरांना चांगली कळली होती. क्षयरोग्यांची सॅनेटोरियमं प्लातो दासीच्या दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारावर उगाच नाही बांधली. मेरी क्युरी वारल्या त्या त्यातल्याच सांसेलमो सॅनेटोरियममध्ये, ४ जुलै १९३४ ला.

घाटमाथा :
मूळ दुखणं ट्रक आहेत. माँ ब्लाँचा बोगदा १९६५ ला सुरू झाला आणि इटलीकडे जाणारा माल या अरुंद दरीतून वाहायला लागला. ट्रक रेल्वेवर चढवा, हवा आपोआप सुधारेल. बाकी सगळ्या गप्पा.

पासीकर :
ट्रकना मी सोडत नाहीये, नायट्रोजन डायऑक्साइडचा हिशेब मुख्यतः रस्त्याच्याच नावावर आहे. कारखानेही आहेत. पण थंडीतले बारीक कण बघायचे तर सगळ्यात मोठा वाटा घराघरांतल्या लाकडाच्या शेगड्यांचा. म्हणून तर २०१३ मध्ये इथे जुनी शेगडी किंवा उघडी फायरप्लेस बदलायला अनुदान सुरू झालं. परक्या ट्रकवाल्याला शिव्या घालणं सोपं असतं, स्वतःच्या चिमणीकडे बघणं जिवावर येतं. शेजारी ओली लाकडं जाळतात आणि खिडकीत 'ट्रक हटवा'चा फलक! असो.

रानवारा :
उन्हाळ्याचं कुणी बोललंच नाही. ऊन लागलं की दरीतली हवा वर उठते, दुपारी दरीच्या तोंडाकडून वर वारा वाहतो, कण विरून जातात. पण त्याच उन्हात नायट्रोजनची ऑक्साइडं आणि सेंद्रिय वाफा यांच्यापासून ओझोन तयार होतो. खाली गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड रात्री त्यातला बराचसा खाऊन टाकतो. वर तो धूर नाही, त्यामुळे ओझोन रेंगाळतो. दम्याला तोही वाईटच. म्हणजे पासीकर म्हणतात तेवढं वरचं घर निर्दोष नाही. शिवाय मध्येच दक्षिणेचा वारा सहाराची धूळ घेऊन येतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये बर्फ पिवळट-नारिंगी झाला होता.

पासीकर :
रानवारा, मान्य. तरी दम्याच्या पोरासाठी मी जानेवारीचा तळ टाळेन. जुलैत दुपारी घरात बसवता येतं, जानेवारीत आख्खा आठवडा कोंडणार का?

ओलीमाती :
वरचं घेतलं पण शाळा खालचीच मिळाली तर?

पासीकर :
वर जागा मिळते का ते आधी नगरपालिकेत विचारा. नाहीच मिळाली तर थंडीत 'आत्मो' या हवा मोजणाऱ्या संस्थेचा रोजचा अंदाज बघायची सवय लावा. अंदाज लाल, म्हणजे हवा वाईट, असेल त्या दिवशी मैदानावर पळायला पाठवू नका असं शिक्षकांना लिहून द्या, आणि पंप दप्तरात. सकाळ-संध्याकाळ वाईट, दुपारी त्यातल्या त्यात बरं.

आणि हो, वरच्या घराच्या मालकाला विचारा घर कशावर तापतं. लाकडावर असेल तर शेगडी कुठल्या सालची आहे तेही विचारा.