मदत हवी आहे: बायोएन्झाइमवर काळी बुरशी, आणि शहाबादी फरशीचं काय?

बायोएन्झाइम म्हणजे फळांच्या साली गुळाच्या पाण्यात आंबवून घरी केलेलं सफाईचं द्रावण. प्रमाण नेहमीचंच: १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम संत्र्या-मोसंबीच्या साली, १ लिटर पाणी. भांडं २ लिटरची प्लास्टिकची बाटली, वर गॅससाठी जागा सोडलेली. (काचेची बरणी घट्ट बंद केली तर फुटू शकते, म्हणून प्लास्टिक.) पहिला महिना रोज झाकण सैल केलं. वर पांढरी साय आली, ती चालते. पण आता ४०व्या दिवशी सालींवर काळे ठिपके आहेत आणि आंबटगोड वासाऐवजी कुबट वास येतोय.

कारण बहुधा तरंगणाऱ्या साली. पाण्याबाहेर राहिलेलं साल हवेवर बुरशी धरतं. बाटलीचं तोंड अरुंद, त्यामुळे वर वजन ठेवता येत नाही. साली बुडलेल्या राहाव्यात म्हणून तुम्ही काय करता? आणि आता आणखी १०० ग्रॅम गूळ घालून महिनाभर थांबावं, की आधी काळा भाग काढून टाकावा? कुणी दोन्ही करून पाहिलं असेल तर नेमकं सांगा. "फेकून द्या" हे उत्तर शेवटचं.

दुसरं, तयार द्रावण आम्लधर्मी असतं आणि शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीच. संगमरवराचंही तेच. तिथे चकाकी जाणार. सोडा घालून आम्ल मारलं तर सफाईला त्याचा उपयोग तरी काय उरला? बादलीत कितपत पातळ करून वापरता, की अशा फरशीला हातच लावत नाही? बेसिन आणि सिरॅमिक टाइल्सचा प्रश्न नाही.