जुन्या छापील पुस्तकांची ओढ नेमकी कशाची?

आडवाचक यांचा प्रश्न

माझे बहुतेक वाचन आता पडद्यावर होते आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, हवा तो शब्द क्षणात सापडतो आणि पुस्तकांना जागा लागत नाही. तरीही खिळ्यांनी, म्हणजे धातूची सुटी अक्षरे जुळवून, छापलेले एखादे जुने पुस्तक हाती आले की तोच मजकूर पडद्यावर उपलब्ध असूनही ते खाली ठेववत नाही. याला स्मरणरंजन म्हणावे, तर ज्या काळातली ही पुस्तके आहेत तो काळ मी पाहिलेलाच नाही. मग ही ओढ कशाची?

सोबत एक कोडेही आहे. एका ग्रंथालयात अठराव्या शतकातला एक युरोपीय ग्रंथ पाहायला मिळाला. त्याची पाने मऊ, लवचीक आणि बरीचशी पांढरी होती. त्याच टेबलावरचे, १९२० च्या आसपासचे पुस्तक मात्र कडांना तपकिरी झालेले आणि इतके ठिसूळ होते की पान उलटताना कोपरा तुटेल अशी भीती वाटावी. वयाने लहान असलेले पुस्तक आधी म्हातारे का झाले?

कागदपारखी यांचे उत्तर

कोड्यापासून सुरुवात करतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात पुस्तकांचा कागद मुख्यतः जवसाच्या धाग्याच्या आणि सुती कापडाच्या चिंध्या कुटून होत असे. त्यातले सेल्युलोजचे, म्हणजे वनस्पतींच्या तंतूंतल्या मूळ द्रव्याचे, धागे लांब आणि शुद्ध असत, आणि शाई फुटू नये म्हणून कागदाला खळ म्हणून प्राण्यांच्या कातड्यापासून काढलेला सरस लावत. पुढे छपाई वाढली आणि चिंध्या अपुऱ्या पडू लागल्या. १८०७ साली मोरिट्झ इलिग यांनी राळ आणि तुरटी वापरून खळ देण्याची स्वस्त रीत प्रसिद्ध केली, तर १८४४ च्या सुमारास फ्रीडरिश केलर यांनी लाकूड दळून लगदा करण्याची पद्धत शोधली. दळलेल्या लाकडातले लिग्निन, म्हणजे लाकडाच्या धाग्यांना एकत्र बांधून ठेवणारे द्रव्य, कागदातच राहते आणि उजेड व हवा लागून पिवळे पडते. तुरटीमुळे आलेले आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या हळूहळू तोडत राहते. म्हणजे आपण पाहिलेल्या दुसऱ्या पुस्तकाचा नाश त्याच्या जन्मापासूनच सुरू झाला होता. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी १९५० च्या दशकात हा प्रश्न पद्धतशीरपणे तपासला, आणि आज टिकाऊ कागदासाठी आयएसओ ९७०६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, ज्यात कागद आम्लधर्मी नसावा आणि त्यात आम्ल शोषून घेण्याइतका अल्कधर्मी साठा असावा अशी अट आहे.

शाई मात्र दोन्ही काळांत मुख्यतः काजळीची. काजळी म्हणजे कार्बन, आणि तो उजेडाने उडत नाही. म्हणूनच पान कितीही तपकिरी झाले तरी अक्षर काळेभोर राहते.

शंकेखोर यांचे उत्तर

कागदपारखी यांनी सांगितलेले सर्व मान्य आहे, परंतु त्यातून ओढीचे समर्थन होत नाही. जुन्या पुस्तकाच्या ज्या वासाचे इतके कौतुक होते, तो कागद कुजण्याचाच वास आहे. २००९ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील मातिया स्ट्रलिच आणि सहकाऱ्यांनी जुन्या कागदातून बाहेर पडणारी रसायने मोजून त्यांवरून कागदाची अवस्था ओळखता येते असे दाखवले. त्यांत फरफ्युरल आहे, ॲसिटिक आम्ल आहे. लिग्निनच्या विघटनातून व्हॅनिलिनही तयार होते, त्यामुळे तो वास गोडसर वाटतो, इतकेच.

छापील पुस्तकातून अधिक समजते या दाव्याचेही तसेच आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात ५४ अभ्यास आणि १,७०,००० हून अधिक वाचक एकत्र धरले, तेव्हा कागदावरचे आकलन थोडे सरस ठरले. पण ते माहितीपर मजकुरात, आणि विशेषतः वेळेचे बंधन असताना. निव्वळ कथात्मक मजकुरात फरक आढळला नाही. शिवाय हा गुण कागदाचा आहे, जुनेपणाचा नाही. कालच छापलेल्या पुस्तकालाही तो लागू पडतो.

खिळेजोड यांचे उत्तर

वास आणि आकलन बाजूला ठेवू या, कारण माझ्या मते ओढीचे कारण तिथे नाहीच. जुन्या पुस्तकात ते कसे बनले हे दिसते, आणि ते दिसणे हेच त्याचे आकर्षण आहे.

एखादे जुने पान दिव्यासमोर तिरपे धरून पाहा. हातछापखान्यात कागद ओलसर करूनच छापत, त्यामुळे खिळा कागदात रुतलेला दिसतो आणि मागच्या बाजूला त्याचा उठाव बोटाला लागतो. आता तेच पान उजेडाच्या आड धरा. कागदाच्या साच्यातल्या जाड तारांच्या रेघा दिसतील. ताव एकदाच दुमडलेला असेल तर त्या उभ्या आणि जलचिन्ह (कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण) पानाच्या मध्यभागी. दोनदा दुमडलेला असेल तर रेघा आडव्या आणि जलचिन्ह शिवणीच्या घडीत, मधोमध. तीनदा दुमडलेला असेल तर रेघा पुन्हा उभ्या आणि जलचिन्ह घडीच्या वरच्या टोकाला. पुस्तकाचा एक शब्दही न वाचता ताव कसा दुमडला गेला ते असे कळते. पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द एकटाच छापलेला आढळला तर तो वाचकासाठी नसून, पाने योग्य क्रमाने लागावीत म्हणून छापखान्यातल्या माणसांसाठी आहे.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे एकाच आवृत्तीच्या प्रती एकसारख्या नसतात. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ सालचा संग्रह छापला जात असताना चुका सापडल्या की यंत्र थांबवून खिळे बदलत. पण कागद महाग, म्हणून चुकीचे छापलेले तावही बांधणीत घालत. चार्लटन हिनमन या अमेरिकी अभ्यासकाने दोन प्रतींची पाने आळीपाळीने डोळ्यांपुढे आणणारे यंत्र तयार केले. जिथे फरक असेल तिथे अक्षर लुकलुकल्यासारखे दिसे. तुटलेला एखादा विशिष्ट खिळा पुन्हा कुठल्या पानावर उमटला याचा माग काढून त्यांनी पाने कोणत्या क्रमाने छापली गेली, हेही शोधले. १९६३ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे हे काम वाचताना ज्यांची नावेही उरलेली नाहीत अशा जुळाऱ्यांच्या, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कामगारांच्या, सवयी आपल्याला कळू लागतात.

शंकेखोर म्हणतील, की हे अभ्यासकांचे सुख झाले. ते खरेच आहे, पण किंचित तिरपा बसलेला खिळा किंवा कमी शाई लागलेली ओळ सामान्य वाचकालाही दिसते आणि इथे कुणाचा तरी हात होता हे, न सांगता, कळते. पडद्यावरचे अक्षर निर्दोष असते, म्हणूनच त्याच्याकडे पाहण्यासारखे काही उरत नाही.

आडवाचक

तिरप्या उजेडाचा प्रयोग आजच करून पाहिला. उठाव स्पष्ट लागतो. आता एक व्यावहारिक शंका: माझ्याकडील एका जुन्या पुस्तकाचे पान फाटले आहे आणि पाठ सुटत आली आहे. चिकटपट्टी लावावी का?

कागदपारखी

मुळीच लावू नये. तिचा गोंद कालांतराने कागदात उतरतो, तपकिरी डाग पाडतो आणि काढताना अक्षरही सोबत नेतो. फाटलेल्या पानाला लांब धाग्यांचा पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात, कारण ती पाण्याने पुन्हा सोडवता येते; पाठीचे काम मात्र जाणकार बांधणीकाराकडे द्यावे. तोवर पुस्तकाला रबर न लावता सुती फितीने सैल बांधा, आणि कपाटातून काढताना पाठीचे वरचे टोक ओढण्याऐवजी शेजारची पुस्तके थोडी मागे सारून मधोमध धरा. बांधणी एकोणिसाव्या शतकातली, चमकदार हिरव्या कापडाची असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते: त्या रंगात कधीकधी आर्सेनिक असते, त्यामुळे असे पुस्तक हाताळल्यावर हात धुवावेत आणि ते मुलांच्या हाती देऊ नये.