पियानोवर आवाज लहान-मोठा करायला गाऊन काय मिळतं?

मंद्रसप्तक: पियानो शिकतेय. सूर, लय ठीक आहे, पण रेकॉर्डिंग ऐकलं की सगळं सपाट. शिक्षक म्हणतात, ओळ आधी गाऊन बघ. मी बेसूर! बोटांचं दुखणं गळ्यानं कसं बरं होणार?

काळीपाच: होतं. गळा गोड नसला, सूर हुकला तरी चालेल. त्याच्याकडून एवढंच काढून घ्यायचंय की ओळ कुठे फुगते आणि कुठे ओसरते. गाताना श्वास पुरवायचा असतो, म्हणून कळस कुठे ठेवायचा ते ठरवावंच लागतं. बोटांना दम लागत नाही. ती काहीही न ठरवता वाजवत सुटतात.

आधी सूर सोडा, नुसतं बोला. एक ते आठ आकडे, 'एक' अगदी हळू, 'आठ' सगळ्यांत मोठा. बहुतेकांचा आवाज चारलाच भरून जातो, पुढे वाढायला जागा उरत नाही. क्रेसेंडोची, म्हणजे आवाज हळूहळू वाढवायची, खूण दिसताच पहिल्या सुरावर तुटून पडायची खोड ती हीच. अहो, खूण सुरू होते तिथे आवाज अजून लहानच असतो! मग आठपासून उलट या. हे जास्त अवघड, उतरताना आवाज एकदम कोसळतो. ते जमलं की एकाच सुरावर 'आ' लावा: लहान, मोठा, परत लहान. पाश्चात्त्य गायकीत याला मेस्सा दी व्होचे म्हणतात, आणि ते भल्याभल्यांना घाम फोडतं.

गाऊन झालं की लगेच वाजवा. मध्ये फोन बघू नका.

कोमलधैवत: थोडी भर घालते. हळू गाणं म्हणजे कुजबुजणं नव्हे. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, नुसती हवा जाते. लहान आवाजातही सूर भरीव हवा. शिवाय ट्यूनर लावून बघा, आवाज वाढवताना सूर चढू पाहतो, कमी करताना उतरू पाहतो. श्वासाच्या दाबाचा खेळ आहे तो. बासरीवाल्यांना हे रोजचंच.

काळीपाच: अगदी. पियानोला ती भीती नाही, पण त्याची खोच वेगळी. वाजवलेला सूर नंतर फुगवता येत नाही, विझतच जातो. म्हणून लांब सुरावर गळ्याची नक्कल करायला जाऊ नका. आधीचा सूर विझून जेवढा उरलाय तो ऐका आणि पुढचा तिथून उचला. हे मला सगळ्या सरावातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

मंद्रसप्तक: आणि मोठा आवाज म्हणजे जास्त जोर ना?

काळीपाच: वेग. पट्टी जितक्या वेगानं खाली जाईल तितक्या वेगानं हातोडी तारेवर आदळते. सूर वाजल्यावर पट्टी कितीही दाबा, आवाज वाढत नाही.

मंद्रसप्तक: घरी कीबोर्ड आहे, चालेल?

काळीपाच: आधी त्याचा टच रिस्पॉन्स चालू आहे का बघा. बंद असेल तर हळू वाजवा नाहीतर आपटा, सगळं सारखंच ऐकू येणार.

मंद्रसप्तक: बंदच होता.